खाल्लेलें अंगीं लागणें

गेल्या वर्षीं उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वीं आठवीच्या वर्गांत पचनेंद्रियांचा पाठ संपला, तेव्हां घिवलीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीनें एक प्रश्न विचारला. तिच्या घरीं दोन शेळ्या आहेत. दोन्ही एका आईच्या, एकाच वेताच्या. दोघींना पाला एक, पाणी एक, बांधण्याची जागा एक. असें असतां एक डोळ्यांत भरावी अशी झाली आहे आणि दुसरीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. "सर, तिचें खाल्लेलें अंगीं कां लागत नाहीं?" असा तिचा प्रश्न होता.

वर्गांत थोडा हशा झाला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हें समुद्रकांठच्या पालकांना सांगावयास नको. जून व जुलै ह्या महिन्यांत सरकारी नियमानें यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, जाळीं विणण्याचें व सांधण्याचें काम तेवढें चालतें, आणि घरांत पैसा येण्याचा मार्ग आखडतो. अशा वेळीं दाराशीं बांधलेली शेळी हीच घरची शिल्लक. त्या मुलीच्या आईला पावसाळ्यापूर्वीं दोहोंपैकीं एक शेळी विकावयाची होती आणि कोणती विकावी, ह्याचा निर्णय होत नव्हता. धष्टपुष्ट शेळीला भाव चांगला येईल हें खरें. परंतु तीच घरीं ठेवण्याजोगी असली, तर ती विकून आपण काय मिळविलें?

मीं तिला प्रथम शास्त्र सांगितलें नाहीं, मोजण्यास सांगितलें. घिवलीस मासळी तोलण्याचा टांगता काटा घरोघर असतो. त्याच काट्याला पोत्याची झोळी अडकवून आठवड्याच्या एका ठराविक दिवशीं सकाळीं, चारा घालण्यापूर्वीं, दोन्ही शेळ्या तोलाव्यात. दोघींना वेगवेगळ्या खुंट्यांना, एकमेकींचें तोंड पोंचणार नाहीं अशा अंतरावर बांधावें. घातलेला चारा तोलावा आणि उरलेलाही तोलावा. तीन आठवड्यांनीं ती वही घेऊन आली. पहिलीच गोष्ट उघडकीस आली ती अशी कीं, थोरली शेळी धाकटीच्या वाट्याचा पाला ओढून खात असे. वेगळें बांधल्यावर धाकटीच्या अंगावर थोडें मांस दिसूं लागलें. म्हणजे अर्ध्या कोड्याचें उत्तर दावणींतच होतें. शास्त्राच्या गहन गोष्टींत शिरण्यापूर्वीं दावण तपासावी, हा नियम मोठमोठ्या प्रयोगशाळाही पाळतात.

परंतु कोडें अर्धेंच सुटलें. वेगळें बांधूनही, सारखाच चारा खाऊन, एक जास्त वाढे व दुसरी कमी. उरलेल्या अर्ध्या कोड्यासाठीं हा लेख आहे.

ज्याला आपण "अंगीं लागणें" म्हणतों, त्याचें माप पशुशास्त्रांत दोन रीतींनीं काढतात. साधी रीत अशी: एक किलो वजन वाढण्यास किती किलो खाद्य लागलें, तें पाहावें. आजच्या बॉयलर जातीच्या कोंबड्यांस पावणेदोन किलोंच्या आसपास खाद्य पुरतें. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांस सहा, आठ किंवा त्याहून अधिक किलो कोरडा चारा लागतो. दुसरी रीत अधिक न्यायाची आहे. मोठें जनावर जास्त खाणारच आणि भराभर वाढणारेंही जास्त खाणार. ह्यांत त्याचा दोष नाहीं. म्हणून १९६३ सालीं अमेरिकेंतील कॉख व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें सुचविलें कीं, जनावराचें वजन व त्याची वाढ पाहून त्यानें किती खावें तें आधीं ठरवावें, आणि प्रत्यक्ष खाल्लेल्या चाऱ्यांतून तें वजा करावें. जी बाकी उरेल तिला आपण "उर्वरित आहार" म्हणूं.

उदाहरण घेऊं. समजा, वीस किलोंच्या आसपासच्या दोन शेळ्या महिन्याभरांत प्रत्येकी दोन किलोंनीं वाढल्या, आणि अशा शेळीला तेवढ्या वाढीसाठीं महिन्यास २१ किलो कोरडा चारा लागतो असा अंदाज आहे. एकीनें १९ किलो खाल्ला, दुसरीनें २३ किलो. पहिलीची बाकी उणे दोन, दुसरीची अधिक दोन. दोघी दिसावयास सारख्या. पण दुसरी दर महिन्यास चार किलो, म्हणजे वर्षास ४८ किलो चारा अधिक फस्त करते. चाऱ्याचा व पेंडीचा खर्च हाच पशुपालनांतील सर्वांत मोठा खर्च असतो, तेव्हां ही बाकी म्हणजे घरच्या पैशांचा हिशेबच होय. (ओल्या पाल्यांत पाणी पुष्कळ असतें, म्हणून हिशेब सदैव कोरड्या वजनाचा करावा. बोंबील ओला तोलला तर किती आणि सुकवून तोलला तर किती, हें आमच्या विद्यार्थ्यांस शिकवावें लागत नाहीं.)

हा गुण वाडवडिलांकडून येतो काय? बऱ्याच अंशीं येतो. कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठांत १९५७ व १९७८ सालच्या कोंबड्यांचे वंश जसेच्या तसे राखून ठेवलेले होते. तेथील संशोधकांनीं त्यांच्या शेजारीं २००५ सालची बाजारी जात वाढविली आणि तिघांनाही एकच खाद्य दिलें. ५६ दिवसांनीं पहिल्या वंशाचें कोंबडें सरासरी सुमारें ९०० ग्रॅम, दुसऱ्याचें १८०० ग्रॅम आणि तिसऱ्याचें ४२०० ग्रॅम भरलें. खाद्य तेंच होतें. बदललें तें पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलें रक्त. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेली ही माहिती वाचून मी स्वतः कांहीं वेळ स्तब्ध झालों होतों.

"रक्त" हा बोलीचा शब्द झाला. हें रक्तांत नसून प्रत्येक पेशीच्या केंद्रकांत असतें. तेथें डीएनए नांवाच्या लांब धाग्यावर चार अक्षरांच्या लिपींत लिहिलेला मजकूर असतो. गाईच्या एका संचांत हीं अक्षरें अडीचशे कोटींहून अधिक आहेत. २००९ सालीं एका हेरफर्ड गाईचा हा मजकूर वाचून प्रसिद्ध करण्यांत आला, तेव्हां त्यांत प्रथिनें बनविण्याचे निदान २२,००० पाठ सांपडले. ह्या पाठांस जनुकें म्हणतात.

त्यांचें काम कसें चालतें, हें लग्नघराच्या दृष्टान्तानें समजेल. आजीची पाककृतींची वही पेटींत कुलपांत असते. ती कोणी मांडवांत आणीत नाहीं. हव्या त्या पदार्थाची कृती कागदावर उतरून घेतात व ती नक्कल आचाऱ्याच्या हातीं देतात. वही म्हणजे डीएनए, उतरलेली नक्कल म्हणजे आरएनए, आणि शिजून आलेला पदार्थ म्हणजे प्रथिन. पुष्कळ वर्षें शास्त्रज्ञांची समजूत अशी होती कीं, आरएनएचें मुख्य काम एवढेंच: निरोप पोंचविणें, अथवा आचाऱ्याच्या हाताखालीं राबणें. वहीच्या ज्या पानांवर पदार्थाची कृती नाहीं, तीं पानें बहुतांशीं रद्दी मानलीं जात. आणि अशीं पानें थोडीथोडकीं नव्हेत. माणसाच्या वहींत प्रथिनांच्या कृती शेंकडा दोन पानेंही व्यापीत नाहींत!

ही समजूत मोडण्यास कारण झाला एक मिलिमीटर लांबीचा, मातींत राहणारा कृमी. अमेरिकेंत व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन हे दोघे त्या कृमीची वाढ अभ्यासीत होते. लिन-४ नांवाच्या एका जनुकावरून प्रथिन मुळींच बनत नाहीं, अवघ्या २२ अक्षरांच्या आसपासचा आरएनएचा तुकडा तेवढा बनतो, आणि तो तुकडा दुसऱ्या एका जनुकाच्या नकलेला चिकटून तिचें काम थांबवितो, असें १९९३ सालीं त्यांच्या शोधांतून दिसून आलें. कित्येकांना वाटलें कीं, ही त्या कृमीचीच कांहीं तऱ्हा असेल. परंतु २००० सालीं रुव्हकुन ह्यांच्या प्रयोगशाळेनें असा दुसरा तुकडा शोधिला आणि तो माशांपासून माणसांपर्यंत आढळला. २०२४ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक ह्या दोघांना मिळालें.

ज्या आरएनएवरून प्रथिन बनत नाहीं, त्याला असांकेतिक आरएनए म्हणूं. त्याचे प्रकार पुष्कळ आहेत. आपल्याला दोन पुरेत. २२ अक्षरांच्या आसपासचे ते सूक्ष्म आरएनए. मांडवांत एखादा जाणता काका फिरत असतो आणि "जिलबी आतां पुरे, भात वाढवा" असें सांगत जातो, तसें ह्यांचें काम. नकलेच्या शेपटीशीं ह्याचीं सात-आठ अक्षरें जुळलीं, कीं ती नक्कल फाडली तरी जाते किंवा वाचली तरी जात नाहीं. जुळण्यास अक्षरें थोडीं लागत असल्यामुळें एकच काका शेंकडों पदार्थांवर हुकूम चालवूं शकतो. दुसरे ते दीर्घ आरएनए, २०० अक्षरांहून लांब. त्यांपैकीं कांहीं थेट वहीपाशीं बसून कोणतें पान उघडावें तें ठरवितात, तर कांहीं सूक्ष्म आरएनएंना स्वतःलाच चिकटवून घेऊन त्यांना हुकूम करूं देत नाहींत. काकांनाही आवरणारी एखादी आत्या असतेच.

आतां शेळीकडे वळूं. तिनें खाल्लेला पाला जातो कोठें? सगळा मांस व दूध होत नाहीं. कांहीं भाग लेंड्यांवाटे जातो; कांहीं पोटांतील जंतूंच्या हातून वायु होऊन ढेकरांवाटे निघून जातो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या खाद्यांतील शक्तीचा शेंकडा दोनपासून बारापर्यंतचा भाग असा मिथेन वायूंत वायां जातो. उरलेल्यांतील मोठा हिस्सा नुसतें जिवंत राहण्यांत खर्चतो: ऊब राखणें, श्वास घेणें, जुनीं प्रथिनें मोडून नवीं बांधणें. आंतडीं व यकृत हीं वजनानें शरीराचा लहानसा भाग. पण खर्चिक फार. जें जनावर हा घरखर्च बेतानें करतें, त्याचें खाल्लेलें अंगीं लागतें. सारा प्रश्न काटकसरीचा आहे, आणि काटकसर म्हणजे कोणतें काम किती करावें व केव्हां थांबवावें ह्याचा निर्णय; हेंच तर त्या काकांचें काम! यकृतांतील सूक्ष्म आरएनएंपैकीं एकाचा, ज्याला १२२ हा क्रमांक आहे, भरणा इतरांहून कितीतरी अधिक असतो आणि चरबीच्या व्यवहारावर त्याचा हात असतो.

ही कल्पना केवळ तर्काची नाहीं, ह्याची साक्ष मेंढ्या देतात. हॉलंडच्या टेक्सेल बेटावरील मेंढ्या मांसल म्हणून प्रसिद्ध आहेत. मांस बेसुमार वाढूं नये म्हणून प्रत्येक जनावराच्या शरीरांत मायोस्टॅटिन नांवाचें प्रथिन लगाम घालीत असतें. टेक्सेल मेंढीचें तें प्रथिन तपासलें तर त्यांत कांहींच दोष नाहीं. बेल्जममधील लीज विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००६ सालीं दाखवून दिलें कीं, बदल प्रथिनाच्या कृतींत नसून नकलेच्या शेपटींत आहे, आणि तोही एका अक्षराचा. त्या एका अक्षरानें स्नायूंत विपुल असणाऱ्या दोन सूक्ष्म आरएनएंना चिकटण्यास जागा मिळाली. ते चिकटले, लगामाचें प्रथिन कमी झालें आणि मांस वाढलें.

दुसरी कथा अमेरिकेंतील ओक्लाहोमाची. १९८३ सालीं तेथें एक मेंढा निपजला. त्याचे पुठ्ठे असाधारण भरलेले होते. त्याच्या वंशांतील अशीं कोंकरें कमी खाऊन जास्त मांस धरीत व चरबी थोडी. कारण सांपडण्यास २००२ साल उजाडलें. येथेंही एकच अक्षर बदललेलें, आणि तें कोणत्याही प्रथिनाच्या कृतींत नाहीं. दोन जनुकांच्या मधल्या, रद्दी समजल्या गेलेल्या जागेंत, आणि ह्या जागेच्या परिसरांतून दीर्घ असांकेतिक आरएनए उतरविले जातात. त्याहून चमत्कारिक गोष्ट ही कीं, तें अक्षर एकट्या बापाकडून आलें तरच गुण दिसतो. आईकडून आलें तर नाहीं, दोघांकडून आलें तरीही नाहीं. खाद्याच्या हिशेबानें हा मेंढा सोन्याचाच. त्याचें नांवही धन्यानें "सॉलिड गोल्ड" असेंच ठेविलें होतें. पण त्या मांसाचे उत्तम समजले जाणारे तुकडे शिजवूनही चामट लागत, म्हणून बाजारानें ती जात उचलली नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बंगालच्या लहानखोऱ्या गरोल मेंढीचा जुळीं देण्याचा गुण दख्खनी मेंढींत उतरविला, हें काम प्रसिद्ध आहे. तेथील बदल मात्र प्रथिनाच्या कृतींतलाच आहे. मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, वाचकांनीं सगळेंच श्रेय असांकेतिक आरएनएला देऊं नये. शिवाय जुळीं झालीं म्हणजे मेंढीला चाराही वाढवावा लागतो, हें तेथील मेंढपाळांना कोणी सांगावें लागत नाहीं.

गुरांचें काय? आंध्रांतील ओंगोल जातीचीं गुरें पूर्वीं ब्राझील देशांत नेलीं गेलीं. तेथें त्यांना नेलोर म्हणतात, आणि आज त्या देशाच्या गोधनाचा फार मोठा भाग त्यांचाच आहे. ब्राझीलच्या संशोधकांनीं ह्या नेलोर बैलांचा उर्वरित आहार मोजून काटकसरी व उधळे असे गट निवडले आणि त्यांच्या शरीरांतील नकला व सूक्ष्म आरएनए ताडून पाहिले. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांत दोन्ही गटांमध्यें कांहीं सूक्ष्म आरएनएंचें प्रमाण निराळें आढळल्याचें नमूद आहे. आपल्याच देशाच्या वंशाचा हा हिशेब सातासमुद्रांपलीकडे मांडला जावा, ह्याचें मला थोडें वाईटही वाटलें.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे, विशेषतः पालकांसाठीं. मेंढ्यांच्या दोन कथांत कारण व कार्य ह्यांची सांखळी बरीचशी जुळली आहे. गुरांच्या आहाराबाबत अद्याप तसें झालेलें नाहीं. काटकसरी बैलाच्या शरीरांत अमुक आरएनए जास्त आढळला, एवढ्यावरून त्यानेंच त्याला काटकसरी केलें असें ठरत नाहीं. कदाचित् काटकसरीमुळेंच तो वाढला असेल. जात बदलली, चारा बदलला, यकृताऐवजीं स्नायु तपासला, कीं यादीही बदलते. उपाशी जनावराचे सूक्ष्म आरएनए निराळे आणि पोट भरलेल्याचे निराळे असतात. म्हणजे हे काका मांडवांतील शिधा पाहून हुकूम बदलतात. म्हणून "आमच्या पुडीनें जनावराचीं जनुकें सुधारतात" असें कोणी दारावर येऊन सांगूं लागला, तर त्याला पाणी पाजून वाटेस लावावें.

ह्याच कारणानें आपल्या गांवठी जनावरांना उधळीं म्हणण्याची घाई करूं नये. डांगी बैल पावसाच्या झडींत उभा राहतो. त्याच्या कातडींतून तेलकट स्राव निघतो आणि पाणी अंगावर ठरत नाहीं. कोंकण कपिला गाय बुटकी, दूध बेताचें. पण भाताच्या पेंढ्यावर व माळावरच्या गवतावर ती दिवस काढते. पेंड व मका खाऊन काटकसरी ठरलेलें परदेशी जनावर आमच्या पेंढ्यावर काटकसरी ठरेलच, असें नाहीं. जो हिशेब जेथल्या चाऱ्यावर करावयाचा, तो तेथल्याच चाऱ्यावर मांडला पाहिजे. आणि आमच्या किनाऱ्यावरील शेळीचा हिशेब मांडणारें त्या मुलीच्या वहीखेरीज दुसरें कांहीं मला ठाऊक नाहीं.

तिनें शेवटीं पुन्हा विचारलें, "मग कोणती विकावी?" मीं सांगितलें कीं, धाकटीला आधीं पशुवैद्याकडून जंताचें औषध द्यावें, कारण पोटांतले जंत हे शेजारच्या शेळीहून मोठे चोर असतात, आणि त्यानंतर आणखी चार आठवडे दोघींना तोलावें. मे महिन्याच्या अखेरीस ती वही घेऊन माझ्या घरीं आली. धाकटी आतां थोरलीच्या बरोबरीनें वाढूं लागली होती आणि चारा तिच्याहून कांहींसा कमी खात होती. बाजारांत भाव मात्र थोरलीलाच येणार होता. तिच्या आईनें थोरली विकली. धाकटी दिवाळीच्या सुमारास व्याली. दोन करडें झालीं, आणि वहींत आतां त्यांच्यासाठीं दोन नवे रकाने आंखले आहेत.